अध्यक्षांच्या तळ्याची मोरी

मोहटेप गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष देवराम वेखंडे यांचं म्हणणं असं, की दुरुस्त होत नाही अशी वस्तू जगात अजून जन्माला यायची आहे! सारी नोकरी आटगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात गेली. तिथं आपण किती यंत्रं दुरुस्त केली हे ते कुणालाही सांगत. त्यातली किती पुन्हा चालली, हे विचारायचा उद्धटपणा कुणी केला नाही. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून त्यांच्या पत्नी गिरजाबाई पाट्यावर वाटण वाटतात. मग पंखा दुरुस्त केला. तो आता उलटा फिरतो आणि छताला गार वारा घालतो.

तेव्हा अंगणातल्या माशांच्या तळ्याची मोरी तडकली आणि गिरजाबाईंनी काळजीनं नवऱ्याकडं पाहिलं, तर देवरामदादा चक्क हसले.

"अगो, मोरीच हाय ना ती? बॉयलर उघडलेत मी, बॉयलर! सकाळी बसतो, जेवायच्या आत उठतो!"

"म्हंजे आज जेवन नाय," गिरजाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता हे तळं काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मुरबाडकडच्या एका फार्महाउसवाल्यानं बाग मोडली, तेव्हा दादांनी तिथून ते टेंपोत घालून आणलं होतं. साच्यातून काढलेलं तयार तळं. निळं, फायबरचं, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं आणि दोन म्हशी आरामात बसतील एवढं. तळाशी पाणी सोडायला मोरी, मोरीला बूच. देणाऱ्या माणसानं बजावलं होतं, "काका, खाली वाळूची गादी घाला." दादा म्हणाले, "तळ्याला कशाला गादी? ते काय बाळंतीण हाय?" आणि त्यांनी ते अंगणातल्या दगड-मुरमावर तसंच बसवलं. पाण्याचं वजन पडलं, खालचा दगड वर टोचला आणि मोरीच्या भोवती तडा गेला.

तुम्ही म्हणाल, ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथं माशांसाठी तळं? आजूबाजूला एवढाली धरणं, त्यांचं पाणी थेट मुंबईच्या नळाला, आणि मोहटेपच्या बायका टँकरची वाट बघत विहिरीवर बसलेल्या. अशा गावात हौसेखातर मासे पाळले असते, तर लोकांनी दादांनाच तळ्यात बुडवलं असतं! पण दादा अध्यक्ष होते. अध्यक्ष माणूस हौस करत नाही, योजना राबवतो. टँकरचं पाणी शुद्ध आहे की नाही, हे तपासायला नको? म्हणून टँकर आधी अध्यक्षांच्या दारात थांबायचा, तळं काठोकाठ भरायचा. मासे जिवंत राहिले, की उरलेलं पाणी विहिरीत ओतायला परवानगी! गावासाठी मासे जीव धोक्यात घालत होते, असं दादा मनापासून सांगत.

वरच्या पाड्यावरच्या सकुबाईला हे काही पटलेलं नव्हतं. ती हंडा घेऊन जाता-जाता तळ्यापाशी थांबायची, माशांकडं बघायची आणि विचारायची, "जगले का दादा? मंग आता आमी पियाचा का?"

असो. दादा दुरुस्तीला बसले. मासे गिरजाबाईंच्या पिंपात सोडले. चिकटवायचा मसाला शहापूरहून आणला. दोन नळ्यांतला मसाला एकत्र कालवायचा आणि फटीत भरायचा. हार्डवेअरवाला सांगत होता, "आधी जागा कोरडी करा, घासून घ्या..." पण सूचना ऐकणं हे हेल्परचं काम, सुपरवायझर सूचना देतो. तळाशी पाणी होतं, पाण्याखाली शेवाळ होतं, शेवाळावर दादांनी मसाला थापला. तो तिथं चिकटला नाही. दादांच्या बोटांना मात्र इतका घट्ट चिकटला, की संध्याकाळी गिरजाबाईंना त्यांना घास भरवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मोरीच्या कडेला गोळा होऊन वाळलेला मसाला काढायला दादांनी छिन्नी घेतली. छिन्नी म्हटली की हातोडा आलाच. मसाला निघाला आणि त्याच्याबरोबर मोरीची अर्धी कडही निघाली! दादांनी तीही मसाल्यानं परत लावली, वरून एक विटेचा तुकडा दाबून ठेवला आणि जाहीर केलं, "झाला काम. आता ही मोरी माझ्या नातवापर्यंत हालत नाय."

टँकर आला, तळं भरलं, मासे परत आत गेले. दुसऱ्या दिवशी ते अर्धं झालं.

"गळतंय," गिरजाबाई म्हणाल्या.

"गळत नाय, उडतंय! ऊन बघ केवढा हाय!"

"आपल्याच तळ्यावर हाय का ऊन? पिंपातला पानी नाय उडत तो?"

यावर दादांनी बाष्पीभवनाबद्दल बरंच सांगितलं, त्यातलं खरं थोडंच होतं. टँकरवाल्याला मात्र त्यांनी सांगितलं, की तपासणी आता जरा कडक करायची आहे, रोज जास्त पाणी सोडत जा.

वेखंड्यांचं घर टेकाडावर. खाली उतारावर एक उंबर, त्याच्यापुढं गावकीची पडीक जमीन. एका सकाळी वरच्या पाड्यावरचा धाऊ तिकडं गुरं घेऊन गेला होता, तर त्याची गाय उंबराखाली माती चाटत उभी. धाऊनं पाहिलं, माती ओली! भर एप्रिलात ओली माती म्हटल्यावर या भागातला माणूस विचार करत बसत नाही. तो डवरा खणतो. वितीवितीनं माती उकरायची, खड्डा करायचा, आणि त्यात पाझरून पाणी जमायची वाट बघायची. पिढ्यान्‌पिढ्या लोक असंच उन्हाळ्यात जगले आहेत. धाऊ तसाच पळत पाड्यावर गेला आणि ओरडला, "अगो चला! पानी आला! उंबराखाली पानी आला!"

सकुबाई पुढं, मागं साऱ्या बायका. कुदळी, फावडी, करवंट्या, हाताला लागेल ते घेऊन त्यांनी खणलं. खड्ड्यात पाणी जमलं. थोडं नाही, चांगलं वाटीवाटीनं वर येऊ लागलं! सकुबाईनं ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं आणि ती रडली. इतकी वर्षं घशाची कोरड सोसलेल्या बाईचं ते रडणं होतं, त्यात नाटक नव्हतं. कुणी तरी नारळ आणला, कुणी हळदकुंकू. उंबराला सुताचा वेढा पडला. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पाणी आहे म्हणजे पाणी समितीच्या अध्यक्षांना बोलवायला हवं.

देवरामदादा टोपी घालून उतार उतरले. सकुबाईनं त्यांच्या हातावर तीर्थ दिलं. दादांनी ते तोंडात घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. पाण्याला बारीकशी माशांच्या खाद्याची चव होती! ते रोज स्वतःच्या हातानं टाकत असलेलं खाद्य. त्यांनी वर आपल्या घराकडं पाहिलं, खाली डवऱ्याकडं पाहिलं. मधला उतार त्यांनी मनातल्या मनात एका क्षणात खोदला.

"काय दादा? गोड हाय ना?" सकुबाईनं विचारलं.

"गोडच..." दादा म्हणाले. आता सांगावं तर काय सांगावं? की हे तुमच्याच टँकरचं पाणी आहे, माझ्या माशांनी आंघोळ केलेलं? खुर्ची तर जाईलच, टोपीही जागेवर राहणार नाही! दादांचं तोंड उघडलं होतं, हेही खरं आहे. पण तेवढ्यात सरपंच भगीरथ मोटारसायकलवरून धुरळा उडवत आले आणि त्यांनी आपलं तोंड आधी उघडलं.

"बघा! बघा! मी काय बोल्लो होतो? डोंगरावर चर मारले तवा हसत होतात ना? जिरला पानी! जिरला आन इथं निघाला!"

सरपंचांनी दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगरावर चर खणले होते खरे. त्यांतले बरेच एका शेळीनं उडी मारून पार करण्याएवढे उथळ होते आणि बाकीचे फक्त फोटोत होते. पण आता पुरावाच समोर उसळत होता! लोकांनी सरपंचांना खांद्यावर घेतलं. भगीरथाचं नाव लावणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

देवरामदादा घरी आले ते थेट तळ्याशी जाऊन मोरीकडं बघत बसले. गिरजाबाईंनी त्यांच्याकडं एकदाच पाहिलं.

"आपलाच हाय ना तो?"

"हळू बोल गो!"

"सांगून टाका."

"सांगतो. भगीरथचा सत्कार होऊन जाऊ दे, मंग सांगतो. भरल्या ताटावरून उठवू नये मानसाला."

सत्काराला वरून पाण्याचे साहेब आले. पांढरी गाडी, मागं फोटोवाला. साहेबांनी डवऱ्यात वाकून पाहिलं, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "वा! असं गाव आम्ही शोधतच होतो!" झऱ्याचं उद्घाटन मोठ्या साहेबांच्या हस्ते करायचं ठरलं. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात सकुबाई, सरपंच आणि मागं तोंड कडू करून उभे असलेले अध्यक्ष. आणि याच सत्कारात भाषणाच्या भरात भगीरथरावांनी छाती पुढं काढून सांगून टाकलं, "साहेब, आता आमच्या गावाला टँकर नको! आमी टँकरमुक्त!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. देवरामदादांनी घाईघाईनं गर्दीतून वाट काढली.

"साहेब," ते पुढं झाले, "टँकर इतक्यात बंद नका करू. झरा नवा हाय. लहान हाय अजून..."

"अध्यक्षसाहेब," साहेबांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला, "निसर्गावर विश्वास ठेवा!"

टँकर बंद झाला. टँकर बंद म्हणजे तळं बंद, तळं बंद म्हणजे झरा बंद. हे सारं गणित अख्ख्या तालुक्यात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक माणूस दुसऱ्याशी बोलत नव्हतं. गिरजाबाईंनी अबोला धरला होता.

डवऱ्यातलं पाणी उतरू लागलं. बायका खड्ड्याशी पाळी लावून बसू लागल्या. मग देवरामदादांनी काय केलं? पहाटे स्कूटर काढली, पुढं एक कॅन, मागं दोन कॅन, आणि सापगावला मेव्हण्याच्या विहिरीवर खेपा सुरू केल्या. आणलेलं पाणी तळ्यात ओतायचं. ते मोरीतून गळणार, मुरमातून झिरपणार, उतारावरून उंबराखाली जाणार आणि तिथं सकुबाई ते करवंटीनं भरणार!

शेवटी गिरजाबाईंना अबोला मोडावा लागला. "अवो, कॅन घेऊन पाड्यावर सरळ जाता नाय येत का?"

"कुठून आनला विचारतील!"

"मेव्हन्याकडून आनला म्हना!"

"का आनला विचारतील!"

गिरजाबाईंनी कपाळावर हात मारला. मेव्हण्याला वाटलं, दादांच्या घरी काही कार्य आहे आणि आपल्याला बोलावलेलं नाही. तो वेगळाच रुसून बसला.

पण स्कूटरच्या कॅननं गाव कुठवर पुरणार? एका सकाळी दादा कॅन ओतून उतारावर डोकावले. डवऱ्याच्या तळाशी सकुबाई गुडघ्यांवर बसली होती. गढूळ पाणी पदरातून गाळून हंड्यात सोडत होती. तिनं वर पाहिलं आणि हसून म्हणाली, "दमलाय वो झरा. मानूस बी दमतो कना." तिला झऱ्याचा राग नव्हता. उलट ती त्याची समजूत काढत होती! देवरामदादांना तिथंच लाज वाटली. खरी लाज, कान तापवणारी. खुर्ची गेली तर गेली, असं ते त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी बोलले.

मारुतीच्या देवळापुढं गाव जमवून त्यांनी सरळ सांगितलं, "तो झरा नाय. माझ्या तळ्याची मोरी फुटलीय. टँकरचा पानी तिच्यातून खाली जात होता. चूक माझी हाय."

मग जो गोंधळ उठला!

"दादा!" सकुबाई कडाडली, "देवाच्या पान्याला मोरीचा पानी बोलता? जिभेला हाड हाय का?"

"आमी नारळ फोडलेत तिथं!" धाऊ म्हणाला.

"मला कळतंय सगळा," भगीरथराव हात चोळत उठले. "इलेक्शन जवळ आलाय ना समितीचा? चर मारले मी, घाम गाळला मी, आन झरा यांच्या मोरीतून निघाला! श्रेय घ्यावा मानसानं, पण मोरीतून?"

"अरे श्रेय नाय घेत! गुन्हा कबूल करतोय मी!"

"मंग कर तुझी मोरी बंद! झरा आटला तर तुझा खरा!"

झालं! मंडळी, स्वतःचा गुन्हा शाबीत करायला इतकी धडपड करणारा आरोपी तुम्ही पाहिला नसेल. दादांनी मुरबाडला फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मासे पुन्हा पिंपात टाकून तळं पूर्ण रिकामं केलं. उचलून खालचे दगड काढले, वाळूची जाड गादी घातली. मोरीची जागा उन्हात खडखडीत वाळवली, पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केली. मग फायबरची जाळी, तिच्यावर रेझिन, पुन्हा जाळी, पुन्हा रेझिन, आतून आणि बाहेरून. फुटकी कड, बूच, भोक, सगळ्यावरून थर चढवून त्यांनी मोरी कायमचीच बुजवून टाकली. सारं गाव अंगणाच्या कठड्याशी उभं राहून बघत होतं. गिरजाबाई चहा देत होत्या. त्यांनाही हा कारभार नवा होता.

रेझिन कडक वाळलं. मेव्हण्याची समजूत घालून त्याच्या ट्रॅक्टरच्या टाकीनं तळं भरलं. एक दिवस गेला, पाण्याची पातळी केसभर हलली नाही. आणि उंबराखालचा डवरा ठणठणीत कोरडा पडला!

"पटला ना?" देवरामदादा विजयानं ओरडले. "पटला ना? मीच होतो तो!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सकुबाईनं कोरड्या डवऱ्याकडं पाहिलं, मग दादांकडं, मग सरपंचांकडं.

"म्हंजे आता झरा बी नाय," ती सावकाश म्हणाली, "आन टँकर बी नाय?"

सरपंचांचा रंग उडाला. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन केला. साहेब धावत आले. पण त्यांचीही अडचण होती. झरा त्यांनी वर कळवला होता. वरच्यांनी तो त्यांच्या वरच्यांना कळवला होता. आता इतक्या वर पोचलेला झरा खाली आणणार कोण?

"झरा नाही असं म्हणता येणार नाही," साहेब निक्षून म्हणाले.

"आटला म्हनू," धाऊनं सुचवलं.

"उद्घाटनाच्या आधी? छे!" साहेब बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले आणि एकदम थांबले. "टँकरमुक्त गावाला पिण्यासाठी टँकर देता येत नाही. पण झऱ्याच्या पुनर्भरणासाठी देता येतो! टँकरचं पाणी उगमात सोडायचं, ते झऱ्यात उतरेल, लोक झऱ्यावर भरतील. सगळं नियमात! उगम कुठं आहे?"

सगळ्या गावानं एकदम अध्यक्षांच्या अंगणाकडं बोट दाखवलं.

"पण साहेब, मोरी मी बंद केलीय!" दादा म्हणाले.

"मग फोडा!"

टँकर दारात लागला. ड्रायव्हरनं पाइप तळ्यात सोडला. "थोडा खाली हंड्यात सोड की रे," सकुबाई म्हणाली, पण तो मान हलवून म्हणाला, "मला पाइप उगमातच सोडायला सांगितलाय, मावशी. फोटो पाठवायचा हाय." साहेब आणि सरपंच फोटोवाल्याला घेऊन खाली उंबराशी जाऊन उभे राहिले. वर बायका हंडे घेऊन तळ्याभोवती उभ्या. देवरामदादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पहार घेऊन पाण्यात उतरले.

पहिला घाव घातला. काही नाही. दुसरा घातला. पहार उसळून वर आली आणि दादांच्या नाकाला लागता-लागता राहिली. त्यांनी अंगात होतं नव्हतं ते बळ लावलं, शर्ट घामानं भिजला, तळं घुमल्यासारखं वाजलं, पण मोरीवरचा थर ढिम्म! उभ्या आयुष्यात त्यांनी केलेली ही पहिली दुरुस्ती होती, जी टिकली होती.

"आलं का पाणी?" खालून साहेबांनी विचारलं.

"येतंय, येतंय!" दादा धापा टाकत ओरडले आणि पुन्हा पहार उचलली. तळं काठाशी आलं होतं. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं.

सकुबाई बराच वेळ हे सारं बघत होती. मग तिनं पदर खोचला, पुढं होऊन हंडा तळ्यात बुडवला, आणि तो भरेपर्यंत थांबून अगदी आदरानं म्हणाली, "दादा, पाय काढा भायेर. पियाचा पानी हाय."